पासवर्डमधून की बनवताना फेऱ्यांचा आकडा कुठल्या टाइपमध्ये ठेवायचा? (सहा लाखांचे १०,१७६ झाले)

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. गेले चार दिवस डोक्यात एकच विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही दोघं मिळून छोट्या दवाखान्यांसाठी बॅकअपचं सॉफ्टवेअर चालवतो. सी मध्ये लिहिलेलं आहे. दिवसभराचे केसपेपर रात्री एका फाइलमध्ये बांधायचे, एनक्रिप्ट करायचे आणि पेन ड्राइव्हवर टाकायचे, एवढंच काम. डॉक्टरांचा पासवर्ड घेऊन पीबीकेडीएफ२ ने (पासवर्डवर एकच गणित हजारो फेऱ्या फिरवून की, म्हणजे फाइलीची किल्ली, काढायची पद्धत; आतलं गणित एचमॅक, एसएचए-२५६) की काढतो आणि त्या कीने फाइल बंद करतो. हेडरमध्ये (फाइलीच्या सुरुवातीच्या भागात) आवृत्तीचा एक बाइट आणि सॉल्ट (पासवर्डसोबत मिसळायचे यादृच्छिक बाइट) असतं. फेऱ्या किती, ते आवृत्तीवरून ठरतं आणि तो तक्ता कॉन्फिग फाइलमधून वाचला जातो. आवृत्ती २ ला १०,००० फेऱ्या होत्या. नंतर ओवास्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेच्या संस्थेची शिफारस वाचून आवृत्ती ३ ला ६,००,००० केल्या.

गेल्या आठवड्यात माझ्या जोडीदाराने पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. उद्या आम्ही दोघंही नसलो तरी डॉक्टरांना आपली फाइल उघडता यावी, हा हेतू. आमच्याच कागदपत्रांवरून लिहिली, फेऱ्या ६,००,०००. स्क्रिप्ट म्हणते पासवर्ड चुकीचा. तीच फाइल, तोच पासवर्ड आमच्या सॉफ्टवेअरमध्ये झटकन उघडतो.

दोन दिवस सॉल्टवर संशय घेतला, मग पासवर्डच्या एन्कोडिंगवर. शेवटी डीबगर लावून थेट की काढण्याच्या ओळीवर थांबलो आणि फेऱ्यांचा आकडा पाहिला. १०,१७६.

स्ट्रक्टमध्ये (एकत्र ठेवलेल्या खान्यांच्या संचात) तो आकडा यूइंट१६ मध्ये, म्हणजे ० ते ६५,५३५ एवढंच मावणाऱ्या १६ बिटांच्या टाइपमध्ये होता. १०,००० च्या काळात लिहिलेला, तेव्हा पुरत होता. त्यात सहा लाख बसत नाहीत, ६५,५३६ चे नऊ पूर्ण गठ्ठे गळून पडले आणि उरले १०,१७६. फाइल बंद करताना तोच स्ट्रक्ट, उघडताना तोच स्ट्रक्ट, त्यामुळे आमच्याकडे सगळं जुळत राहिलं. चौदा महिने.

प्रश्न दोन. नवीन टाइप कुठला घ्यावा? आणि आधीच बंद केलेल्या फाइलींचं काय करावं? उद्या सकाळी टाइप बदलून अपडेट पाठवायचा विचार आहे.

जुना_कंपायलर | सोमवार, रात्री ११.०५

आधी हे वाचा, बाकीचं नंतर. उद्या सकाळी नुसता टाइप बदलून अपडेट पाठवू नका. आवृत्ती ३ ची एकही फाइल उघडणार नाही. डॉक्टर म्हणतील पासवर्ड विसरलो बहुतेक, आणि रुग्णाची नोंद हातात असून वाचता येणार नाही.

आवृत्ती ३ म्हणजे १०,१७६ हे आता तुमच्या फाइलीचं सत्य आहे. कागदावर काहीही लिहिलेलं असो. तो आकडा कोडमध्ये उघडपणे, स्थिरांक म्हणून लिहा आणि शेजारी कारण लिहा. आवृत्ती ४ काढा, तिला खरे सहा लाख द्या. जुनी फाइल पासवर्ड देऊन उघडली की त्याच वेळी ४ मध्ये परत बंद करायची.

गोदाकाठ | सोमवार, रात्री ११.१८

बरं झालं विचारलं. अपडेट थांबवला.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. १०,००० वरून सहा लाखांवर गेलो तेव्हा फाइल उघडायला साठपट वेळ लागायला हवा होता. काहीच फरक पडला नाही, आणि आम्ही दोघं म्हणालो, वा, चांगलं चालतंय. तिथेच घड्याळ लावायला हवं होतं.

तिसरं_वर्ष | मंगळवार, सकाळी ८.१५

माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. कंपायलरने वॉर्निंग दिली नाही का? आणि सगळीकडे साधा इंट (सी चा नेहमीचा पूर्णांकाचा टाइप) वापरला असता तर हे झालं नसतं ना?

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ८.४०

वॉर्निंग नाही. -वॉल आणि -वेक्स्ट्रा (जास्त वॉर्निंग मागणारे पर्याय) दोन्ही लावलेले होते. ६००००० हा आकडा थेट कोडमध्ये लिहिला असता तर जीसीसी (आमचा कंपायलर) बोललं असतं. पण तो कॉन्फिगमधून लाँग (मोठा पूर्णांक टाइप) म्हणून आला आणि स्ट्रक्टच्या खान्यात टाकला गेला. अशा ठिकाणी -डब्ल्यूकन्व्हर्जन लागतं आणि ते त्या दोन्हींत येत नाही, हे मला परवा कळलं.

जुना_कंपायलर | मंगळवार, दुपारी १.३०

क्लँग या कंपायलरमध्ये चाचणी चालवत असाल तर सॅनिटायझरचा (चालू प्रोग्राममधल्या चुका पकडणारं साधन) इम्प्लिसिट-कन्व्हर्जन हा गट वेगळा चालू करा. नेहमीच्या 'अनडिफाइन्ड' गटात तो नाही, कारण अनसाइन्डमध्ये (उणे आकडे नसलेल्या टाइपमध्ये) कापलं जाणं हे भाषेच्या दृष्टीने पूर्ण कायदेशीर आहे. म्हणूनच इतकं शांतपणे होतं.

आता तिसरं_वर्ष यांचा 'सगळीकडे इंट'. प्रश्न प्राथमिक नाही, कारण ओपनएसएसएल या एनक्रिप्शनच्या लायब्ररीने नेमकं तेच केलं आहे. त्यांच्या पीबीकेडीएफ२ च्या फंक्शनमध्ये पासवर्डची लांबी, सॉल्टची लांबी, फेऱ्या, कीची लांबी, चारही इंट. आजच्या संगणकांवर इंट ३२ बिटांचा आहे, सहा लाख आरामात बसतात. पण 'सगळीकडे इंट' म्हटलं की त्या एका टाइपच्या पोटात तीन वेगळ्या जातीचे आकडे कोंबले जातात. माझ्या मते ते वेगळेच ठेवावेत.

पहिला आकडा ठोकळ्याचा क्रमांक. एसएचए-२५६ एका वेळी ३२ बाइट देतं. ६४ बाइटची की हवी तर दोन ठोकळे काढायचे, पहिल्यासाठी सॉल्टच्या मागे १ जोडायचा, दुसऱ्यासाठी २. हा आकडा कसा जोडायचा ते आरएफसी ८०१८ ने (पीबीकेडीएफ२ ची व्याख्या देणारं कागदपत्र) ठरवून दिलं आहे: चार बाइट, मोठा बाइट आधी. इथे आपल्याला निवडच नाही. यूइंट३२ घ्यायचा आणि चार बाइट हाताने मांडायचे. मेमरीतून उचलून तसाच चिकटवला तर बहुतेक मशीनवर बाइट उलटे पडतात. ती चूक निदान पहिल्या चाचणीतच ओरडते. आरएफसी कीच्या लांबीवर मर्यादा घालतो तीही यातूनच आली आहे: दोनाचा ३२ वा घात उणे एक, एवढेच ठोकळे.

दुसरा आकडा मेमरीतल्या लांब्या. पासवर्ड किती बाइट, सॉल्ट किती बाइट. त्यासाठी साइझ_टी. भाषेने तो त्याचसाठी दिला आहे. ओपनएसएसएलला देताना तो इंट होतो, म्हणून त्या एका ओळीआधी हद्द तपासायची. शिवाय तिथे उणे १ ला अर्थ आहे: 'लांबी तूच मोज'. समजा, पासवर्ड वाचणाऱ्या तुमच्या फंक्शनने चूक झाली म्हणून उणे १ परत केला आणि तो न तपासता पुढे गेला. ओपनएसएसएल निमूटपणे बफरमधल्या पहिल्या शून्यापर्यंत मोजून की काढून देईल. कशाची की, देव जाणे.

तिसरा आकडा फेऱ्या. हा सगळ्यात अवघड, कारण दर काही वर्षांनी तो वाढवावा लागतो आणि फाइल मात्र जुनीच राहते. सन २००० मधल्या आरएफसी २८९८ ने किमान १,००० सुचवले होते. आज आपण सहा लाखांवर बोलतोय. ज्या माणसाने यूइंट१६ घेतला त्याने त्या दिवसाचा आकडा पाहिला.

बोर्डवाला | मंगळवार, दुपारी २.१०

'आजच्या संगणकांवर इंट ३२ बिटांचा' याला माझी हरकत. मी रोज आठ बिटांच्या एव्हीआर चिपवर काम करतो, तिथे इंट आजही १६ बिटांचाच आहे आणि सी चं स्टँडर्ड त्याला परवानगी देतं.

गंमत नाही, खरंच करून बघा: तिथे ६००००० असं लिहिलं तर कंपायलर आपणहून त्याला लाँग मानतो आणि आकडा बरोबर राहतो. पण वाचायला सोपं म्हणून ६०० * १००० असं लिहिलं तर दोन्ही बाजू इंट, गुणाकार इंटमध्ये. नियमाप्रमाणे तिथे काय होईल याची हमीच नाही. प्रत्यक्षात काय हाती लागतं? १०,१७६. गोदाकाठ यांचाच आकडा.

दुसरी जागा म्हणजे हेडरमधून चार बाइट वाचून आकडा जुळवणे. पहिला बाइट २४ घरं डावीकडे सरकवायचा, दुसरा १६, असं सगळे लिहितात. तो बाइट यूइंट८ असला तरी सरकवण्याआधी इंट बनतो. १६ बिटांच्या इंटला २४ घरं सरकवणं म्हणजे हातात काहीच उरणार नाही. ३२ बिटांवरही बाइट १२८ किंवा जास्त असला की तो चिन्हाच्या बिटावर जाऊन बसतो, आणि पुढे ६४ बिटांत घेतलात तर वरची सगळी घरं एकांनी भरतात. आधी यूइंट३२ करायचं, मग सरकवायचं. हा क्रम मी नवीन मुलांकडून पाटीवर लिहून घेतो.

पश्चिमघाट | मंगळवार, रात्री ९.२५

गोदाकाठ, मन खट्टू करून घेऊ नका. या चुकीला मोठी परंपरा आहे, आणि ती सांगण्याचं कारण असं की जुना_कंपायलर यांनी सुचवलेला मार्गच आधीच्या लोकांनीही घेतला.

बीक्रिप्ट (पासवर्डचा हॅश, म्हणजे उलट फिरवता न येणारी खूण, काढायची पद्धत) १९९९ चं, नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर्स यांचं. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या त्याच्या कोडमध्ये पासवर्डची लांबी आठ बिटांच्या अनसाइन्ड खान्यात ठेवलेली होती. शेवटच्या शून्यासकट पासवर्ड २६० बाइटचा झाला की २५६ गळणार आणि लांबी ४. माणसाने मोठं वाक्य घालून आपण सुरक्षित आहोत असं समजायचं आणि आत चार बाइट विचारात घेतले जायचे. हे २०१४ मध्ये दुरुस्त झालं. दुरुस्त हॅश ओळखू यावेत म्हणून त्यांना नवा उपसर्ग दिला: आधी '२ए' होता, आता '२बी'.

त्याच्याही आधी, २०११ मध्ये, क्रिप्ट_ब्लोफिश या बीक्रिप्टच्याच दुसऱ्या कोडमध्ये सापडलेली चूक टाइपचीच होती. तिथे अक्षर साइन्ड कॅर (उणे आकडेही धरणारा आठ बिटांचा टाइप) म्हणून घेतलं जात होतं. १२७ च्या वरचा बाइट आला की तो उणे समजला जाई, ३२ बिटांत पसरताना वर सगळे एक भरत आणि आधीच्या अक्षरांचे बिट त्याखाली पुसले जात. म्हणजे पासवर्डमध्ये असा एक बाइट असला की काही वेळा त्याच्या आधीची अक्षरं मोजलीच जात नसत. तिथेही जुने चुकलेले हॅश फेकले नाहीत. त्यांना '२एक्स' अशी खूण आली आणि बरोबर असणाऱ्यांना '२वाय'.

चूक झाली, तिला नाव दिलं, वेगळ्या खणात ठेवली. तुमची आवृत्ती ३ त्याच जातीची आहे.

शाईपेन | मंगळवार, रात्री १०.०२

पश्चिमघाट यांनी जे '१२७ च्या वरचे बाइट' म्हटलं ते आपल्यासाठी अपवाद नाहीत, हे इथे ठळकपणे सांगायला हवं. यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं आणि ते तिन्ही बाइट १२७ च्या वर. इंग्रजी पासवर्ड घालणाऱ्याला ती साइन्ड कॅरची चूक जन्मभर भेटली नसती. मराठीत पासवर्ड घालणाऱ्याचा एकही बाइट तिच्यातून सुटला नसता.

लांबीचंही तसंच. 'पासवर्ड' हा शब्द घ्या: प, काना, स, व, र, हलन्त, ड. सात चिन्हं, २१ बाइट. बीक्रिप्ट ७२ बाइटच्या पुढचं बघत नाही, म्हणजे देवनागरीची २४ चिन्हं झाली की पुढचं लिहिलेलं वाया. 'लांबी' या व्हेरिएबलमध्ये चिन्हं मोजली आहेत की बाइट, हे नावातच लिहा. टाइप दोन्हींचा साइझ_टीच असतो, कंपायलर काही फरक दाखवणार नाही.

अँड्रॉइडचं उदाहरण मला सगळ्यात जास्त बोचतं. ४.४ च्या आधीच्या अँड्रॉइडमध्ये पीबीकेडीएफ२ ला दिलेल्या पासवर्डच्या प्रत्येक जावा कॅरमधले फक्त खालचे आठ बिट घेतले जात. जावाचा कॅर १६ बिटांचा. देवनागरी '१' चा युनिकोड क्रमांक १६-आधारी ०९६७. वरचा ०९ गळला, उरला ६७, आणि आस्कीत (इंग्रजी अक्षरांच्या जुन्या तक्त्यात) ६७ म्हणजे इंग्रजी छोटा 'जी'. '२' चा झाला 'एच', '३' चा 'आय'. म्हणजे कुणी '१२३' असा पासवर्ड घातला तर त्याची की आणि इंग्रजी 'जी-एच-आय' ची की एकच! ४.४ पासून पूर्ण बिट घेतले जाऊ लागले, आणि जुन्या फाइली उघडता याव्यात म्हणून जुनी पद्धत शेवटी '८बिट' असं लिहिलेल्या वेगळ्या नावाखाली ठेवली. पुन्हा तेच: चुकीला नाव.

थोडं विषयांतर, पण गोदाकाठ यांच्या डॉक्टरांपैकी कुणी मराठी पासवर्ड वापरत असेल तर कामाचं. 'दुसऱ्या' मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र चिन्ह, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. 'ऱ्या' पहिल्या पद्धतीने १२ बाइट, दुसऱ्या पद्धतीने १५. पडद्यावर हुबेहूब सारखं, की पूर्ण वेगळी. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एकसारखी करणं) केलं तरी तो जोडक जात नाही. मोबाइल बदलल्यावर 'पासवर्ड चालत नाही' म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो.

गोदाकाठ | मंगळवार, रात्री १०.३०

शाईपेन, आमच्या दोन डॉक्टरांचे पासवर्ड मराठीत आहेत. नेमकं हेच एकदा घडलं होतं आणि मी त्यांना म्हटलं होतं, तुम्ही चुकीचं टाइप करताय. उद्या फोन करून सांगतो.

अटलांटिकपार | मंगळवार, रात्री ११.५०

मी जावात काम करते. आमच्याकडे अनसाइन्ड इंट नाहीच, त्यामुळे टाइपची निवड कमी आणि घोळ वेगळे. पीबीई-की-स्पेकमध्ये (जावात पीबीकेडीएफ२ ला माहिती देण्याचा क्लास) फेऱ्या इंट, कीची लांबीही इंट, पण ती लांबी बिटांत आहे. सी मधून आलेला माणूस ३२ लिहितो, त्याला ३२ बाइट म्हणायचं असतं, हाती येते ४ बाइटची की. एईएसला (एनक्रिप्शनची पद्धत) दिली तर लगेच नकार येतो. एचमॅकला दिली तर काहीच होत नाही, चालून जातं! ब्राउझरमधल्या वेब क्रिप्टोतही लांबी बिटांतच आहे.

माझा प्रश्न जुना_कंपायलर यांना. फेऱ्यांसाठी तुम्ही साइन्ड घ्याल की अनसाइन्ड? ॲपलच्या कॉमनक्रिप्टोत अनसाइन्ड आहे, विंडोजच्या बीक्रिप्टडिराइव्हकीपीबीकेडीएफ२ मध्ये ६४ बिटांचा अनसाइन्ड, ओपनएसएसएल आणि जावात साइन्ड. सगळे अनुभवी लोक, आणि चौघांची दोन मतं.

जुना_कंपायलर | बुधवार, सकाळी ७.०५

मी यूइंट३२ घेतो. फेऱ्या उणे असू शकत नाहीत, मग टाइपनेच ते म्हणावं. ४२९ कोटींपर्यंत जागा आहे, आपल्या हयातीत पुरेल.

पश्चिमघाट | बुधवार, सकाळी ७.४०

इथे मी सहमत नाही. टाइपने 'उणे नाही' म्हटल्याने उणे येणं थांबत नाही, फक्त दिसणं थांबतं. कुठून तरी उणे १ आला तर साइन्डमध्ये 'एकपेक्षा कमी' म्हणून पकडता येतो. यूइंट३२ मध्ये तो ४,२९,४९,६७,२९५ होतो आणि प्रोग्राम तासभर फिरत बसतो. मी हद्दीवर, म्हणजे आकडा बाहेरून आत येतो तिथे, ६४ बिटांचा साइन्ड घेते, तपासते, मगच आत सोडते.

आणि शून्याचं विसरू नका. पीबीकेडीएफ२ ची पहिली फेरी बहुतेक कोडमध्ये लूपच्या बाहेर होते आणि लूप १ पासून सुरू होतो. फेऱ्या शून्य दिल्या तरी एक फेरी होऊन की मिळते, तक्रार नाही. ओपनएसएसएलच्या जुन्या आवृत्त्या एकपेक्षा कमी आकडा एकच मानत, नव्या सरळ नाकारतात. आता गोदाकाठ यांनी सहा लाखांऐवजी आवडता गोल आकडा म्हणून ६५,५३६ लिहिला असता तर? यूइंट१६ मध्ये तो शून्य. चौदा महिने रुग्णांच्या नोंदी एका फेरीवर बंद होत राहिल्या असत्या.

जुना_कंपायलर | बुधवार, सकाळी ८.२०

हे पटलं. हद्दीवर रुंद आणि साइन्ड, तपासणी तिथेच, आत यूइंट३२. माझं आधीचं उत्तर अर्धं होतं.

तिसरं_वर्ष | बुधवार, दुपारी १२.१५

मी काल रात्री बसून स्वतः पीबीकेडीएफ२ लिहिलं आणि आरएफसी ६०७० च्या चाचण्या चालवल्या. त्यातली एक १,६७,७७,२१६ फेऱ्यांची आहे. खूप वेळ लागला म्हणून मी ती बंद करणार होते, मग सहज भागून पाहिलं. तो आकडा दोनाचा बरोबर २४ वा घात आहे. म्हणजे १६ बिटांत शून्य, २४ बिटांतही शून्य! मुद्दाम ठेवली असेल का?

जुना_कंपायलर | बुधवार, दुपारी १२.४०

हेतू काय होता ते राहू दे, उपयोग तुम्ही बरोबर पकडलात. ती बंद करू नका.

एसएचए-२५६ वापरणाऱ्यांना आरएफसी ७९१४ मध्ये आणखी सोयीची चाचणी आहे, ८०,००० फेऱ्यांची. १६ बिटांत त्याचे १४,४६४ होतात आणि उत्तर चुकतं, शिवाय क्षणात संपते. गोदाकाठ, तुमच्याकडे ही होती का?

गोदाकाठ | बुधवार, दुपारी १.१०

होती. पास होत होती. आत्ता उघडून पाहिलं: आमची चाचणी ओपनएसएसएलचं फंक्शन थेट बोलावते. आमचा स्ट्रक्ट मधे येतच नाही. म्हणजे आम्ही दुसऱ्याचं कोड तपासत होतो, आणि चूक आमच्या चार ओळींत होती.

जुना_कंपायलर | बुधवार, दुपारी १.२५

मग चाचणी कॉन्फिगच्या मजकुरापासून सुरू करा. '८००००' हा मजकूर वाचला जावा, तक्त्यात जावा, स्ट्रक्टमध्ये जावा आणि शेवटी आरएफसीत छापलेली की निघावी.

बोर्डवाला | बुधवार, दुपारी ३.००

त्याच आरएफसी ७९१४ मधली एसक्रिप्टची (पासवर्डमधून की काढायची, मुद्दाम जास्त मेमरी खाणारी पद्धत; एन, आर, पी ही तिची मापं) एक चाचणी मला फार आवडते. एन १,०२४, आर ८, पी १६. एसक्रिप्ट आतून पीबीकेडीएफ२ एकाच फेरीने बोलावतं, पण मोठी की मागतं: १६ गुणिले १२८ गुणिले ८, म्हणजे १६,३८४ बाइट. ३२ ने भागा, ५१२ ठोकळे. कुणी ठोकळ्याचा क्रमांक एका बाइटमध्ये ठेवला असेल तर २५५ नंतर पुन्हा शून्यापासून, आणि उत्तर चुकलंच. साध्या की काढताना ही चूक कधीच दिसली नसती, दोन ठोकळ्यांच्या पुढे कोण जातं?

अटलांटिकपार | बुधवार, रात्री ८.४५

एसक्रिप्ट निघालंच आहे तर मेमरीचा गुणाकारही लिहून ठेवते. १२८ गुणिले आर गुणिले एन. आर ८ आणि एन दोनाचा २० वा घात असेल तर १ जीबी, ठीक. एन २१ वा घात केला की ३२ बिटांच्या साइन्डमध्ये मावत नाही. २२ वा केला की ३२ बिटांच्या अनसाइन्डमध्ये उत्तर शून्य येतं, शून्य बाइटची मेमरी मागितली जाते आणि त्यावर चार जीबी लिहायला सुरुवात होते. कॉलिन पर्सिव्हल यांच्या मूळ कोडमध्ये एन ६४ बिटांचा, आर आणि पी ३२ बिटांचे आहेत, आणि आर-पीचा गुणाकार करण्याआधी दोघांनाही ६४ बिटांत नेलेलं आहे. एवढ्यासाठी ते कोड वाचावं.

गोदाकाठ, तुम्ही आर्गॉन२ वर (अशीच मेमरी खाणारी दुसरी पद्धत) गेलात तरी हेच. तिथे मेमरी केबीत मोजतात म्हणून ३२ बिटांत पुरते, पण बाइटसाठी १,०२४ ने गुणताना कुठल्या टाइपमध्ये गुणताय ते बघा.

पश्चिमघाट | बुधवार, रात्री ९.१५

एक राहिलं: वरची हद्द. आवृत्ती ४ मध्ये फेऱ्यांचा आकडा हेडरमध्ये ठेवणार असाल, तर तो आकडा ज्याच्या हातात फाइल आहे त्याच्या ताब्यात गेला. पासवर्ड बरोबर की चूक हे कळण्याआधीच तुम्हाला तेवढ्या फेऱ्या माराव्या लागतात. कुणी तिथे २,१४,७४,८३,६४७ लिहिलं तर दवाखान्याचा संगणक तिथेच अडकला. वेब टोकनमध्ये हा प्रकार प्रत्यक्षात होऊन गेला आहे, तिथे 'पी२सी' नावाच्या खान्यात फेऱ्या बाहेरून येतात. खालची हद्दही ठेवा, नाहीतर कुणीतरी १ लिहील. ३२ बिटांत बसतो म्हणून आकडा योग्य, असं नाही.

गोदाकाठ | शनिवार, संध्याकाळी ६.३०

मंडळी, काय केलं ते सांगतो.

आवृत्ती ३ चा आकडा आता तक्त्यात नाही. कोडमध्ये १०१७६ असा लिहिला आहे आणि वर चार ओळींत हा सगळा प्रकार. आवृत्ती ४ मध्ये फेऱ्या हेडरमध्ये, चार बाइट, मोठा बाइट आधी. वाचताना ६४ बिट साइन्ड, एक लाखाच्या खाली किंवा एक कोटीच्या वर असेल तर फाइल नाकारायची आणि कारण स्पष्ट सांगायचं. आत यूइंट३२. -डब्ल्यूकन्व्हर्जन लावल्यावर ४१ वॉर्निंग आल्या, त्यांतल्या ३८ निरुपद्रवी. दोन लांब्यांच्या होत्या, त्या सुधारल्या. एक तीच.

चाचणी कॉन्फिगच्या मजकुरापासून सुरू होते. शिवाय घड्याळ लावलं आहे: त्याच संगणकावर आवृत्ती ४ ला ३ च्या किमान चाळीसपट वेळ लागला नाही तर चाचणी नापास. एका दवाखान्यातल्या जुन्या टॅबलेटवर फाइल उघडायला आता जवळपास दीड सेकंद लागतो. डॉक्टर म्हणाले, मंद झालं. मी त्यांना समोर बसून सांगितलं की हा दीड सेकंद तुमच्या रुग्णांसाठी आहे, पासवर्ड ओळखू पाहणाऱ्याला तो प्रत्येक प्रयत्नाला मोजावा लागेल. आधी तो साधारण ५९ पट स्वस्तात सुटत होता. हेही सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी.

पायथनची स्क्रिप्ट आवृत्ती ३ आणि ४ दोन्ही उघडते.

पश्चिमघाट | शनिवार, संध्याकाळी ७.०५

फार चांगलं काम. पण संगणकावरची फाइल ४ मध्ये गेली, पेन ड्राइव्हवर पडलेल्या आवृत्ती ३ च्या प्रती अजून १०,१७६ फेऱ्यांवरच आहेत. आणि डॉक्टरांनी पासवर्ड तोच ठेवला असेल तर त्या जुन्या प्रतीवर तो शोधून काढला की नवी फाइलही उघडली.

गोदाकाठ | शनिवार, रात्री ९.५०

बरोबर आहे. सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावतोय, आणि जुने ड्राइव्ह गोळा करतोय. आमच्या वहीप्रमाणे अकरा दिले होते. आज फिरून नऊ हातात आले. एक डॉक्टरांच्या गावाकडच्या घरी आहे, सोमवारी येईल. अकराव्याचा पत्ता अजून लागलेला नाही, त्या दवाखान्यात उद्या सकाळी जाऊन बसतो.